लोखंड्याला आवतण

आमच्या खडकी तांड्यावर यष्टी थांबायला लागली ती बैलामुळे. माणसं अर्ज करून थकल्यावर एका बैलाने, तेही लोखंडाच्या, ते काम केलं.

वणी-पांढरकवडा रस्ता तांड्याला अगदी खेटून जातो, पण बस धरायची तर फाट्यापर्यंत चालत जावं लागायचं. या रस्त्याला साइडपट्टी नावालाच. एका बाजूला कपाशीची पऱ्हाटी, दुसऱ्या बाजूला कोळशाचे ट्रक. ट्रक गेला की वाऱ्यानं ओढणी तोंडावर येते आणि क्षणभर काही दिसत नाही. त्या क्षणाची मला भारी धास्ती. मी सोनूला कायम शेताच्या बाजूनं चालवायची, तिचा हात नाही तर फ्रॉक, काहीतरी माझ्या मुठीत असायचंच. माझा नवरा शाम वणीला खाणीवर आहे, सुटीला घरी येतो. तो म्हणतो, "जया, तुले सपनातही ट्रकच दिसत असंन." दिसतात. खोटं कशाला बोलू.

सोनू चार वर्षांची झाली तशी मी ठरवलं होतं, हिला पांढरकवड्याला केजीत घालायचं. मी स्वतः बी.ए. झाले ते मावशीच्या घरी राहून, कारण आमच्या गावाहून कॉलेजला बस नव्हती. सोनूला तसं दुसऱ्याच्या घरी ठेवायचं नव्हतं. पण रोज तो फाटा, रोज ते ट्रक... मी दर वेळी "पुढच्या वर्षी" म्हणायची.

तेवढ्यात नागपूरचं माळरान फाउंडेशन आलं.

ही संस्था मोठमोठी शिल्पं करवून घेते आणि ती उघड्यावर, लोक येतात-जातात अशा जागी उभी करते. राळेगावकडे त्यांनी फुटलेल्या बोंडासारखं काहीतरी दगडात केलं आहे, म्हणतात. आमच्याकडे त्यांना बैल करायचा होता. आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजारे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता सगळे शेती करतात. तर त्या लदणीच्या बैलाचं शिल्प, दोन्ही अंगांना गोण्या लादलेलं, तांड्याच्या तोंडाशी रस्त्याला लागून उभं करायचं, असं ठरलं.

संस्थेच्या वर्षाताई चित्र घेऊन आल्या तेव्हा पारावर सगळा तांडा जमला. माझे सासरे धावजी तांड्याचे नाईक. त्यांनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"खायाले काय लागते याले?"

"काही नाही, बापू," मी म्हणाले.

"अन् शेण?"

"तेही नाही."

"मंग ठेवा बाप्पा. असा बैल कोण नाही म्हणंन?"

माझी सासू सुखीबाई, तिला मी आमच्या बोलीत याडी म्हणते, म्हणजे आईच, ती चष्मा पुसून म्हणाली, "शेपूट लहान हाय. माश्या कशा हाकलंन?"

वर्षाताईंनी हे खरंच लिहून घेतलं. शेपूट पुढे लांब झालं, ते कशामुळे झालं ते मला माहीत नाही. याडीला माहीत आहे.

ऐन उन्हाळ्यात क्रेन आली. बैल दोन तुकड्यांत आला, अर्धा सकाळी आणि अर्धा दुपारी, तोवर पुढचाच अर्धा बैल रस्त्यात उभा. पोट्ट्यांना तर जत्रा. शिल्पकार अक्षय सर, कुरळ्या केसांचे, तरुण, शर्टावर वेल्डिंगची भोकं पडलेली. बैल उभा राहिला तो आमच्या घराच्या दुप्पट उंच. मी मात्र वर पाहतच नव्हते. मी खाली पाहत होते, सोनूच्या उंचीवर काय काय येतं ते. मान दोन पायांमध्ये अडकेल का, चौथऱ्याच्या कोपऱ्यावर डोकं आपटेल का. डाव्या पुढच्या खुराची एक कड अगदी कपाळाच्या उंचीवर आली होती, आणि तीक्ष्ण.

"सर, ही कड घासून देता का? इथं लेकरं खेळतील."

मला वाटलं चिडतील. त्यांनी खाली बसून कडेवरून स्वतःचा अंगठा फिरवला, मग वर माझ्याकडे पाहिलं. "इतक्या लोकांनी पाहिलं, हे कुणी सांगितलं नाही," म्हणाले, आणि मशीन मागवून ती कड गोल करून दिली. त्याच दिवशी वर्षाताईंनी मला विचारलं, "जयाताई, इथली देखरेख तुम्ही कराल का? आठवड्याला एक फोटो पाठवायचा, बस्स."

मी हो म्हणाले. आणि मग अक्षय सरांनी समजावून सांगितलं. या लोखंडाला मुद्दाम रंग दिलेला नाही. ते हवेनं, पावसानं वरवर गंजतं आणि तो गंजच त्याची कातडी होतो, मग आतलं लोखंड सडत नाही. पण वर्षभर कुणी काही लावायचं नाही. तेल नाही, रंग नाही. कातडी एकसारखी धरली पाहिजे.

मी ते तांड्यात घरोघरी सांगितलं. बापूंना दोनदा सांगितलं.

नाव पडायला वेळ लागला नाही. लोखंड्या.

आणि मग ती गंमत सुरू झाली. रस्त्यानं जाणारे लोखंड्या पाहायला वेग कमी करायचे. एक दिवस यष्टीही हळू झाली, तेव्हा मी आणि सोनू तिथंच उभ्या, आणि कंडक्टर सदाशिवरावांनी दार उघडून विचारलं, "चढता का वहिनी? थांबलोच हाये तं." दुसऱ्या दिवशीही थांबले. तिसऱ्या दिवशी आत कुणीतरी ओरडलं, "बैलाजवळ उतरायचं हाय!" आणि सदाशिवरावांनी घंटी मारली. आमदारांना, डेपोला अर्ज देऊन मिळाला नव्हता तो थांबा असा मिळाला, कागदावर कुठंच नसलेला. तो होता बैलापाशी, आणि बैल होता म्हणून होता. लोखंड्याच्या पुढ्यात रस्त्यालगत मुरमाची थोडी जागा होती, तिथं बस डांबरावरून पूर्ण खाली उतरून उभी राहायची. जूनमध्ये सोनू केजीत गेली. फाटा सुटला.

म्हणून वर्षाताई एकदा बोलता बोलता जे बोलल्या ते माझ्या मनातून जात नव्हतं. एका गावात लोकांनी शिल्पाला वाढदिवसाचे बॅनर बांधले, वरून रंग फासला, तर संस्थेच्या प्रमुख विमलताईंनी ते शिल्प सरळ उचलून दुसरीकडे नेलं. "आणि तुमचा बैल तर वणीच्या चौकासाठी मागतच आहेत लोक," त्या हसत म्हणाल्या. मीही हसले. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

विमलताई पहिल्यांदा बैल पाहायला येणार होत्या त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. लोक घरी असतात म्हणून मीच तो दिवस सुचवला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सोनूला शाळेतच ताप भरला. डॉक्टर म्हणाले, रात्री पाहा, सकाळी पुन्हा दाखवा. पांढरकवड्यात माझी बहीण राहते, तिच्याकडे राहिले. सकाळी ताप उतरला, डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सोडलं, आणि आम्ही सदाशिवरावांच्याच बसनं निघालो. सोनू खिडकीशी. माझा हात तिच्या फ्रॉकच्या पट्ट्यावर.

वळणावर सदाशिवराव ओरडले, "ओ वहिनी! तुमच्या बैलाले तं भल्लाच नटवला ना!"

मी पाहिलं. लोखंड्याची शिंगं निळी झाली होती, टोकांना पिवळी, आणि त्यावर चकाकणारी बेगड. अंगभर गेरूचे ठिपके आणि हाताचे पंजे. कपाळावर मथाटी, आरशांची आणि कवड्यांची, एखाद्या चादरीएवढी. गळ्यात घुंगरांची माळ. आणि खांद्यावर पिवळं, ओलसर, चमकणारं काहीतरी.

"आई, लोखंड्या नवरदेव!" सोनू टाळ्या वाजवायला लागली.

बसमधले सगळे हसत होते. मी सोनूला उचलून दाराशी गेले.

घरी बापू ओसरीवर नवं धोतर नेसून बसले होते. माझा दीर बबलू, गॅरेजवाला, त्याच्या बोटांना निळा रंग. यांना आता काही विचारायला नको होतं, तरी मी विचारलं.

"बापू, हे कोणी केलं?"

"काय कोणी केलं?"

"लोखंड्याचं!"

"आपुनच. दुसरं कोण करंन?"

"मी सांगितलं होतं ना, काही लावायचं नाही म्हणून? कातडी धरायची आहे म्हणून?"

"सांगतलं होतं. कातडी हाय म्हणे. मी म्हटलं, कातडी हाय तं खांदही असंन." बापू शांतपणे सुपारी कातरत होते. "हे पाह्य छोरी, सांग तूच. काल संध्याकाळी आपण बैलाइच्या खांद शेकल्या, हळद-तेल चोळून. सगळ्या बैलाइले आवतण देल्लं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. येतायेता हा उभा दिसला रस्त्यात. बबल्यानं मस्करी केली, म्हणे बा, याले नाही सांगत का? मी म्हटलं सांगतो ना. त्याच्या खांदावर हात ठेवला अन् सांगून टाकलं."

"हात कसा पुरला?"

"शिडी लावली ना," बबलू म्हणाला.

"मस्करीत म्हटलं ना पण!"

"मस्करीत म्हणो का कसं म्हणो," बापूंनी अडकित्ता खाली ठेवला. "आवतण देल्लं तं देल्लं. आता घरी बोलावून पाव्हण्याले उघडं ठेवू का? सगळ्याइच्या शिंगाले रंग अन् तो एकटा तसाच उभा राहीन गावाच्या तोंडावर? पोळा हाय जया. काहून रडून राह्यली?"

मी रडत नव्हते. डोळ्यांत पाणी होतं, एवढंच.

"उद्या त्या येणार आहेत. विमलताई. त्या बैल घेऊन जातील. वणीला नेतील. मग यष्टी कशी थांबेल? सोनूला मी पुन्हा त्या फाट्यावर नेऊ का?"

आता बबलू बोटांचा निळा रंग पुसायला लागला. याडी आतून पुरणाचा हात तसाच घेऊन आली. "काई वेगो?" काय झालं, म्हणून विचारत. मी सांगितलं. तिनं लोखंड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

मी बादलीत सर्फ कालवायला घेतला होता. घासून धुवावं, निदान शिंगं तरी. याडीनं बादली धरली.

"आज नको. नटवलेला बैल पोळ्याच्या दिवशी धुते का कोणी? नेवद खाल्ला न्हाई अजून त्यानं."

"याडी, तो लोखंडाचा आहे."

"मले ठाऊक हाय. म्या नाही म्हटलं का?" ती म्हणाली. "पण मथाटी म्या शिवली. रातभर बसून शिवली. आजचा दिस राहू दे."

मी बादली ठेवली. खरं सांगायचं तर धुऊन काही होणारही नव्हतं. तूप लोखंडात शिरलं होतं आणि बबलूचा ऑइलपेंट ट्रकला लावायचा होता. लपवणं माझ्यानं झालं नसतं, लपवायला तो बैल काय कोंबडी होता? मी फोटो काढला आणि वर्षाताईंना पाठवला. मग फोन केला. त्यांनी फोटो उघडलेला होता.

"अक्षयला दाखवते," त्या म्हणाल्या. "उद्या आम्ही येतोच आहोत, जयाताई."

संध्याकाळी पोळा फुटला. तोरणाखाली बैलांची रांग, आणि रांगेच्या टोकाला, जागचा न हलता, लोखंड्या. बापूंनी झडती, म्हणजे पोळ्याचं कवन, म्हटली, स्वतःच रचलेली:

"आला रे आला लोखंड्या आला,
ना कडबा खाल्ला ना पाणी प्याला,
उभ्या जागेवरून यष्टी थांबवून मोठा झाला!
हर बोला हर हर महादेव!"

सगळा तांडा हसला. मीही हसले असेन. शाम फोनवर म्हणाला, "बैल कुठं पळून चालला का? झोप तू." 

करीला आमच्या विदर्भात तान्हा पोळा असतो, लेकरांचा. चाकांचे लाकडी बैल सजवून पोरं घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, घेतात. त्या दिवशी पोरांनी आपले बैल सरळ लोखंड्याच्या पायांशी नेऊन लावले. मोठा तिथं असताना लहान दुसरीकडे कशाला जातील? सोनूचा बैल पांढरा, बापूंनी बाभळीच्या लाकडाचा करून दिलेला. ताप उतरल्यामुळे ती नुसती उधळली होती. मी तिच्या मागे, एक डोळा तिच्यावर, एक रस्त्यावर.

गाडी आली ती जरा उशिरानं. वर्षाताई उतरल्या, अक्षय सर उतरले, आणि मग विमलताई. उंच, पांढरे केस, सुती साडी, पायात बूट.

"रस्ता चुकलो होतो," वर्षाताई म्हणाल्या. "खडकी तांडा कुणाला माहीत नाही. शेवटी एकानं विचारलं, बैलथांब्याला जायचं का?"

विमलताई हसल्या नाहीत. त्या बैलाकडे पाहत होत्या. अक्षय सर तर आधीच शिडी मागून वर चढले होते. त्यांनी खांद्यावर बोट फिरवलं, वास घेतला.

"हे काय लावलंय?"

"हळद अन् तूप," बापू खालून म्हणाले.

"तूप?"

"घरच्याले तेल चालते. पाव्हण्याले तूप."

"काका, अहो तूप लागलं तिथं हवा-पाणी लागत नाही. तिथं गंज धरणार नाही आता!"

"मंग चांगलंच झालं ना."

"मला गंज धरायला हवाय!" अक्षय सर शिडीवरून ओरडले.

पोरं खो खो हसली. बबलूनं तोंड फिरवलं. अक्षय सर मात्र शिडीवर तसेच बसून राहिले, गोणीला टेकून. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. ते दोन वर्षं या बैलावर होते. माझ्या सोनूच्या वहीवर कुणी अशा रेघोट्या मारल्या असत्या तर मला कसं वाटलं असतं?

"हे आपलं ठरलं नव्हतं," विमलताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच भीती वाटली. "इथली जबाबदारी कुणाची होती?"

"माझी," मी म्हणाले. "मी जया. मी परवा रात्री इथं नव्हते, पण जबाबदारी माझीच." आणि मी सगळं सांगितलं. खांद शेकणं, आवतण, शिडी. सांगताना मला स्वतःलाच ते वेडगळ वाटत होतं आणि खरंही वाटत होतं. "त्यांनी बिघडवायला नाही केलं. त्याला बोलावलं होतं, मग सजवायला लागलंच."

"ते मला समजलं," विमलताई म्हणाल्या. "पण दर सणाला कुणी ना कुणी त्याला बोलावेल. दोनच मार्ग आहेत. एक तर हा बैल वणीला हलवायचा. नाही तर याच्याभोवती उंच कठडा करून कुलूप लावायचं. कठड्याचे पाइप येऊन पडलेत ना, वर्षा? चौथऱ्यापासून पार डांबरापर्यंत घ्या, म्हणजे कुणी जवळ जाणार नाही."

पाइप पडले होतेच, पाराजवळ, क्रेनबरोबर आलेले. डांबरापर्यंत. म्हणजे ती मुरमाची जागा कठड्याच्या आत. म्हणजे बैल राहिला तरी बस उभी राहायला जागा नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो फाटा आला, ती नसलेली साइडपट्टी. दोन्हीकडून मी तिथंच पोचत होते.

"ताई," मी म्हणाले, "कठडा तिथं नका घालू. तिथं यष्टी थांबते."

"इथं थांबा आहे? आमच्या नकाशात नव्हता."

"नकाशात नाही. पण थांबते."

त्या काही बोलणार तोच वळणावर हॉर्न वाजला. सदाशिवरावांची बस. ती सवयीनं मुरमावर उतरली आणि पोरं आपापले बैल ओढत बाजूला पांगली. त्या धांदलीत सोनूच्या हातून दोरी सुटली. पांढरा बैल उतारावरून गडगडत निघाला, डांबराकडे. सोनू त्याच्या मागे झेपावली, आणि जागच्या जागी अडकली. तिचा फ्रॉक माझ्या मुठीत होता. मी कधी धरला ते मला माहीत नाही. मी विमलताईंशी बोलत होते, त्यांच्याकडे पाहत होते, आणि फ्रॉक मुठीत होता.

बसच्या पलीकडून कोळशाचा ट्रक गेला. वारा आला, विमलताईंचा पदर उडून त्यांच्याच तोंडावर बसला, आणि क्षणभर त्यांना काही दिसलं नाही. पदर काढला तेव्हा सदाशिवराव खाली उतरले होते आणि त्यांच्या बुटाखाली, डांबराच्या कडेला, पांढरा बैल अडवलेला होता.

"कोणाचा हाय हा बैल?" ते ओरडले. "तिकीट न काढता चालला होता!"

सोनू रडता रडता हसली. लोक चढले, उतरले, बस गेली. विमलताई रस्त्याकडे पाहत उभ्या होत्या. अजून एक ट्रक गेला. मग अजून एक.

"हे रोज असंच असतं?"

"आज कर आहे, कमी आहेत," मी म्हणाले. आणि मग जे तोंडातून निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण मनात बहुतेक महिनोन्‌महिने चाललं असावं, रोज तिथं उभं राहून. "ताई, कठडा बैलाला नको. रस्त्याला घाला. हे असं, डांबराच्या कडेनं. बसला आत यायला इथं मोकळं सोडा, जायला तिथं. लेकरं कठड्याच्या अलीकडे, बैलाजवळ. तेवढेच पाइप लागतील. बैलाला कोणी काय करेल हो? त्याचं वजन केवढं आहे."

मी पायानं मुरमात रेघ ओढून दाखवली. वर्षाताई ती रेघ पाहत होत्या. अक्षय सर शिडीवरून उतरून आले आणि त्यांनीही पाहिली.

"खुराची कड दाखवली होती ती यांनीच," ते विमलताईंना म्हणाले.

"आणि तुमची कातडी?" विमलताईंनी विचारलं. "बोला तुम्ही. काम तुमचं आहे."

अक्षय सर वळून लांबवर गेले, पार रस्त्याच्या पलीकडे, आणि तिथून बराच वेळ बैलाकडे पाहत राहिले. मी जीव मुठीत धरून ट्रक बघत होते, की या माणसाला उडवू नये कुणी. ते परत आले.

"शिंगं मला चालणार नाहीत," म्हणाले. "तो निळा रंग मी काढणार. आणि ज्यानं लावला तो काढायला मला मदत करणार."

"थिनर हाय माह्याकडं," बबलू लगेच म्हणाला.

"गेरू पावसानं जाईल. खांदा मात्र आता काळा राहणार, तिथं रंग एकसारखा येणार नाही." त्यांनी तुपाचं बोट शर्टाला पुसलं. "राहू द्या. ओझ्याच्या बैलाचा खांदा काळा पडतोच. मी तो फार गुळगुळीत केला होता. तिथून पाहिलं तर आता ओझं वाटतं."

बापू म्हणाले, "मंग पुढच्या पोळ्याले तूप चालते का?"

"त्याच जागी," अक्षय सर म्हणाले. "एक बोटही इकडे-तिकडे नाही. आणि ऑइलपेंट आणला तर मी स्वतः याला वणीला नेऊन सोडीन."

"अन् आवतण?"

"ते द्या."

विमलताईंनी दोघांकडे पाहिलं. "एक वर्ष पाहू," एवढंच म्हणाल्या. त्या विरघळल्या वगैरे नाहीत. जेवायला थांबल्या मात्र. याडीनं पुरणपोळीवर तूप वाढलं तेव्हा त्यांनी हात आडवा धरला, तर याडी म्हणाली, "घ्या. तुम्हीही पाव्हण्याच." त्यावर मात्र त्या हसल्या. जाताना बबलूनं खाली काढलेली मथाटी त्यांनी हातात घेऊन उलटून पाहिली, टाके पाहिले, आणि ती पावसात भिजू देऊ नका म्हणून याडीला बजावलं. याडीला ते फार आवडलं. आता कुणी आलं की ती ते सांगते.

कठडा दिवाळीआधी लागला, माझ्या रेघेवर. वर्षाताईंनी बसण्यासाठी एक ओटाही बांधून दिला. शिंगं घासताना अक्षय सर आणि बबलू दोन दिवस भांडत होते आणि आता फोनवर एकमेकांना वेल्डिंगचे व्हिडिओ पाठवतात. एका शिंगाच्या टोकाला आत वळलेल्या जागी थोडं निळं राहिलंच आहे. खालून दिसत नाही. मला दिसतं, पण मी ते फोटोत येऊ देत नाही.

आता थंडी पडली आहे. कापूस वेचायला बायका सकाळीच निघतात, आणि जाता जाता ओट्यावर घडीभर टेकतात. लोखंड्याचं अंग विटकरी झालं आहे, खांदा काळा. सोनू रोज बस यायच्या आधी त्या गोल केलेल्या खुराला हात लावते आणि "येते रे" म्हणते. काल तिची पाण्याची बाटली गळत होती, म्हणून मी दप्तर उघडून आतलं सगळं पुसत बसले. ट्रक गेले, वारा आला. सदाशिवरावांची बस आत वळली, आम्ही चढलो, खिडकीशी बसलो.

बस सुटल्यावर माझ्या लक्षात आलं. दप्तर पुसत होते तेवढा वेळ माझे दोन्ही हात दप्तरात होते.